तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोरांत मी काय बघते

यंदा मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, एका काकांनी विचारलं, “अगं, त्या एवढ्या पोरांत तू नेमकं बघतेस तरी काय?” पुढच्या-मागच्या चार-पाच जणांनी माना वळवल्या. हा प्रश्न मला नवा नाही. कोल्हापूरहून आई फोनवर विचारते, गुडघा दाखवायला आलेले पेशंट विचारतात. क्रिकेटमध्ये निदान धावा असतात, विकेटी असतात. इथं ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये छत्तीस पोरं एका लांबुळक्या बॉलमागे धावतायत, आणि त्यातलं कुठलं पोर पाच वर्षांनी एमसीजीवर दिसेल हे त्याच्या सतराव्या वर्षी कसं कळायचं? रांगेत मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली, आणि घरी आल्यावर ते मनाला लागून राहिलं. काका, तुम्ही मनापासून विचारलं होतंत. तेव्हा आता नीट सांगते.

मी मेलबर्नला फिजिओथेरपिस्ट आहे. बरीच वर्षं दर शनिवारी अठरा वर्षांखालच्या एका फुटी संघाबरोबर असायचे. घोट्याला टेप लाव, निखळलेलं बोट बसव, डोक्याला मार लागलेल्या पोराला हाताला धरून मैदानाबाहेर आण, ही कामं. टेबलावर पाय सोडून बसलेलं पोर फिजिओशी जे बोलतं ते कोचशी बोलत नाही. पोरं वाचायची सवय मला त्या टेबलापाशी लागली. पुढे एएफएलमधल्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या फुटी लीगमधल्या, एका क्लबच्या माणसानं विचारलं, तुम्ही जे बघता ते आमच्यासाठी लिहून द्याल का? तेव्हापासून मी त्यांची अर्धवेळ स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारी, आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. बॉक्सिंग डेची टेस्ट आपण ज्या एमसीजीवर बघतो, त्याच मैदानावर हिवाळ्यात हा खेळ चालतो. एका बाजूला अठरा खेळाडू. बॉल लाथेनं मारायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं बॉल गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. ऑफसाइड नावाचा प्रकार नाही. खेळाडू मैदानात कुठेही पळू शकतो, आणि माझ्या मते या खेळातलं सगळं कठीण तिथंच आहे. कुठेही जाता येतं, म्हणजे कुठं जायचं ते दर क्षणी स्वतःच ठरवावं लागतं.

जून-जुलैच्या सुमाराला अठरा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा असते. व्हिक्टोरिया मेट्रो म्हणजे मेलबर्न शहराची मुलं, व्हिक्टोरिया कंट्री म्हणजे राज्यातली गावाकडची, शिवाय साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. पाचवा संघ ॲलाइज. त्यात न्यू साउथ वेल्स, कॅनबेरा, क्वीन्सलंड, टास्मानिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या सगळ्यांची मुलं एकत्र. मग नोव्हेंबरात ड्राफ्ट. इथं पोरगं आपला क्लब निवडत नाही, क्लब पोराला निवडतो, आणि हंगामात तळाला राहिलेल्या क्लबची पाळी आधी येते. १९८६ पासून ही पद्धत आहे. एका वर्षी साऱ्या देशातून नावं पुकारली जातात ती साधारण साठ-सत्तर. बाकीची मुलं टीव्हीसमोर बसलेली असतात, आई-वडील शेजारी.

तर काका, पहिली गोष्ट ही, की मी बॉलकडे बघत नाही.

हिशोब करून बघा. चांगला खेळ झाला त्या दिवशी एखाद्या पोराला वीस-पंचवीस वेळा बॉल मिळतो. दर वेळी तो हातात राहतो दोन किंवा तीन सेकंद. म्हणजे अख्ख्या सामन्यात फार तर मिनिट, सव्वा मिनिट. उरलेला सगळा वेळ ते पोर बॉलशिवाय असतं. प्रेक्षक ते एक मिनिट बघतात, हायलाइट्समध्येही तेवढंच येतं. मला बघायचा असतो तो उरलेला दीड-दोन तास. म्हणून सामना सुरू झाला की मी एक नंबर निवडते आणि एक अख्खा क्वार्टर फक्त त्याच्यावर नजर ठेवते. बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी मान वळवायची नाही. सुरुवातीला हे फार जड गेलं. शेजारी सगळे ओरडतायत आणि आपण शंभर मीटर लांब एकट्या उभ्या पोराकडे बघतोय. पण दिसतं ते तिथंच.

त्याच्याच संघाकडे बॉल असताना तो कुठे सरकतो? मोकळी जागा शोधतो, की बॉलकडे ओढला जातो? बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून मागे बघतो का? जो आधी बघतो त्याच्या हातात बॉल आल्यावर घाई दिसत नाही. लोक म्हणतात, याच्याकडे वेळ फार असतो. वेळ सगळ्यांकडे तेवढाच असतो, यानं तो आधी कमावून ठेवलेला असतो. आणि बॉल गमावला की तो परत पळतो का? पुढे सगळेच पळतात. उलट दिशेला, दमलेल्या पायांनी, आपल्यामुळे बॉल गेला नाही हे माहीत असतानाही जो पळतो, त्याच्या नावापुढे मी खूण करते.

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. तिथले वस्ताद नव्या पोराला जोर मारताना फारसं बघायचे नाहीत. जोर थांबले की मग बघायचे. श्वास कसा घेतो, भिंतीला टेकतो की उभा राहतो, शेजारच्याचे जोर मोजतो का. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. आता मैदानाच्या कठड्याशी उभी असते तेव्हा त्यांची आठवण येते.

एक प्रसंग सांगते. ॲलाइजचा सामना होता, तिसरा क्वार्टर, मैदान ओलं. माझ्या नंबरच्या पोरानं अगदी सोपा मार्क सोडला. मार्क म्हणजे लाथेनं पंधरा मीटरपेक्षा लांबून आलेला बॉल हवेतच झेलणं. झेलला की खेळ थांबतो आणि तुम्हाला निवांत किक मारता येते. गोल समोर होता. बॉल छातीवरून निसटला, विरुद्ध संघानं उचलला आणि तीन किकमध्ये दुसऱ्या टोकाला नेला. अशा वेळी बहुतेक पोरांचे हात आधी डोक्यावर जातात. याचे गेले नाहीत. बॉल जमिनीला लागायच्या आधीच तो वळला होता. सत्तर-ऐंशी मीटर पळाला, पोचला नाही, गोल झालाच. मग त्यानं तोंडातला माउथगार्ड काढला, आपल्या फुलबॅककडे, म्हणजे गोलजवळच्या बचावपटूकडे, गेला आणि बोटांनी दाखवायला लागला: तो इथून निघाला, मग इथून वळला. पंधरा-वीस सेकंद. ॲलाइजमध्ये एक पोरगा होबार्टचा, एक डार्विनचा, एक ब्रिस्बेनचा. ही दोघंही एकमेकांना फार दिवस ओळखत नसणार. चौथ्या क्वार्टरमध्ये तोच डाव पुन्हा आला, आणि फुलबॅक दोन पावलं आधीच सरकलेला होता. बॉल अडला.

त्या दिवसाच्या आकड्यांत त्या पोराच्या नावापुढे एक सुटलेला मार्क आहे. अडवलेला बॉल फुलबॅकच्या नावावर गेला. माझ्या वहीत मात्र त्याच्याबद्दल दीड पान आहे. ॲलाइजचे सामने मी जास्त मन लावून बघते ते याच कारणानं. मेट्रोची मुलं वर्षानुवर्षं एकमेकांसोबत आणि एकमेकांविरुद्ध खेळलेली असतात. इथं अनोळखी माणसाला बॉल द्यायचा असतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा असतो. २०२३ मध्ये या संघानं पहिल्यांदा ही स्पर्धा जिंकली तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

आकडे मी टाकून देत नाही. किती वेळा बॉल मिळाला, किती टॅकल केले, झटापटीतून किती बॉल बाहेर काढले, हे सगळं क्लबकडे येतं. पण आकड्यांना जागा कळत नाही. मागच्या फळीत उभ्या पोराला साथीदार आरामात बॉल देतात, त्याचे तीस होतात. गर्दीत बॉलवर झेपावणाऱ्या पोराचे बारा होतात, आणि त्या बारांतला एकेक बॉल त्यानं अंगावर माणसं घेऊन मिळवलेला असतो. ऑक्टोबरात चाचण्या होतात, त्यांचंही तसंच. वीस मीटर तीन सेकंदांच्या आत पळालं की सगळे भुवया उंचावतात. दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास पळालं तर दम चांगला. उंच उडी, चपळाई, सगळं मोजतात. मोजावंच. पण दमल्यावर, पाऊस पडत असताना, नावडत्या पायानं किक मारायची वेळ आली तर बॉल कुठे जातो, त्यासाठी कठड्याशी उभंच राहावं लागतं.

सॅम मिचेलचं नाव इथं शाळकरी पोरालाही माहीत आहे. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नाही. उंची बेताची, पायात वेग कमी. पुढच्या वर्षी हॉथॉर्न क्लबनं त्याला ३६व्या क्रमांकावर घेतलं. त्यानं त्यांच्यासाठी चार अजिंक्यपदं जिंकली आणि २०१२ चं ब्राउनलो पदकही, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, पुढे त्याच्या नावावर लागलं. लॅकी नील २०११ च्या ड्राफ्टमध्ये ५८वा होता. म्हणजे सत्तावन्न वेळा कुणीतरी दुसऱ्याचं नाव घेतलं. ब्राउनलो त्याला दोनदा मिळालं, २०२० आणि २०२३ मध्ये. ही नावं आमच्यासारख्यांनी रोज आठवावीत. चुकीच्या जागी बघितलं की काय हातचं जातं, ते यात दिसतं.

आता शरीराचं. इथं माझा पेशा कामाला येतो. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे एकाच रांगेत जानेवारीत जन्मलेला पोरगा असतो आणि डिसेंबरात जन्मलेलाही. त्या वयात अकरा महिने म्हणजे केवढं! एकाला दाढी आलेली, खांदे भरलेले. दुसऱ्याचे हात-पाय लांब झालेत पण त्यांत अजून बळ उतरलेलं नाही. पहिला दुसऱ्याला सहज ढकलतो आणि बघणारा म्हणतो, हा कणखर, तो मवाळ. मी आधी जन्मतारीख बघते, मग वही उघडते. वेस्टर्न बुलडॉग्जचा मार्कस बोन्टेम्पेली २४ नोव्हेंबर १९९५ चा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तो चौथा निवडला गेला तेव्हा अठरा नुकतीच पूर्ण होत होती. तिसऱ्याच हंगामात, विशीत, अजिंक्यपद त्याच्या हातात होतं. उंच पोरांना तर आणखी वेळ लागतो. ॲरन सँडिलँड्स दोनशे अकरा सेंटिमीटर उंच. मुख्य ड्राफ्टनंतरच्या रूकी ड्राफ्टमधून, म्हणजे मागच्या दारानं आला आणि २७१ सामने खेळला.

उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो का, खांदा सांभाळून टॅकल करतो का, हेही मी लिहिते. पण दुखापत आहे म्हणून नाव कापा, असं मी कधी लिहीत नाही. २००१ चा ड्राफ्ट आठवा. पहिला लूक हॉज, दुसरा लूक बॉल, तिसरा ख्रिस जड. जडच्या खांद्यांच्या दुखण्याची तेव्हा बरीच चर्चा होती. त्याच खांद्यांनी त्यानं २००४ आणि २०१० ची ब्राउनलो पदकं मिळवली. खांदा बरा करता येतो. किती जोखीम आहे ते मी सांगावं, निर्णय क्लबनं घ्यावा.

आता माझी एक चूक. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही.

काही वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया कंट्रीच्या एका पोराबद्दल मी लिहिलं होतं, “तिसऱ्या क्वार्टरनंतर पळणं थांबतं. तयारी कमी.” दोन सामन्यांत तेच पाहिलं होतं. पहिला हाफ सुंदर, डोकं वर, दोन्ही पायांनी किक. आणि मग जणू दिवा मालवावा तसं. मला खात्री होती. रिपोर्ट पाठवून दिला.

पुढच्या सामन्याला माझ्या शेजारी एक बाई उभी होती. थंडी मरणाची होती. तिनं थर्मासच्या झाकणात मला सूप ओतून दिलं. बोलता बोलता कळलं, ही त्याची आई. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. गिप्सलँडला त्यांची डेअरी. त्या हिवाळ्यात वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पोरगा रोज पहाटे चारला उठून धारा काढायचा, मग शाळा, मग आठवड्यातून तीनदा दीड तास गाडीनं सरावाला आणि दीड तास परत. “गाडीत झोपतो,” ती म्हणाली. “सरावाच्या दारात मी त्याला उठवते.” सामन्याच्या दिवशीही तो धारा काढूनच आला होता. मैदानाकडे बघत ती हे सगळं सांगत होती, तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. सूप माझ्या हातात गार झालं.

त्याच संध्याकाळी मी क्लबला फोन केला, ते दोन शब्द मागे घेतले, सगळं सविस्तर लिहून पाठवलं. समोरच्या माणसानं नीट ऐकून घेतलं. नोव्हेंबरात त्या पोराचं नाव कुणीच पुकारलं नाही, आमच्या क्लबनंही नाही. माझ्या दोन ओळींमुळे असं झालं, असं मी म्हणत नाही. एका रिपोर्टवर कुणाचं ठरत नसतं. पण त्या ओळी चुकीच्या होत्या आणि त्या मी लिहिल्या होत्या. पोर थकलं हे मला दिसलं होतं. “तयारी कमी” हे मला दिसलं नव्हतं, ते मी मनानं जोडलं होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत डावं पान आणि उजवं पान वेगळं आहे. डावीकडे फक्त डोळ्यांना दिसलेलं. उजवीकडे कारणं, आणि ती पोराला, त्याच्या कोचला, घरच्यांना विचारून मगच. विचारायला मिळालं नाही तर उजवं पान कोरं जातं. क्लबला कोरी पानं आवडत नाहीत, पण ती मी तशीच पाठवते. घरी भेटायला गेलो की बाकीचे पोराला त्याच्या खेळाबद्दल विचारतात. मी विचारते, सकाळी किती वाजता उठतोस? शाळेत कसा जातोस? घरात जेवण कोण करतं? या प्रश्नांना पोरं मोकळेपणानं उत्तरं देतात, कोणी शिकवून पाठवलेलं नसतं.

ज्यांची नावं पुकारली जात नाहीत त्यांच्या रिपोर्टवर मी तेवढाच वेळ घालवते. का, तेही सांगते. नोव्हेंबर म्हणजे शेवटचं दार नाही. रूकी ड्राफ्ट आहे, राज्यांच्या लीग आहेत, आणि २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू झालाय. त्याच वर्षी त्यातून रिचमंडनं मार्लियन पिकेटला घेतलं. वय सत्तावीस. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला, नंतर पर्थकडे साउथ फ्रीमँटलसाठी खेळणारा माणूस. त्याचा एएफएलमधला पहिलावहिला सामना म्हणजे त्या वर्षीची ग्रँड फायनल, एमसीजीवर, एक लाख माणसांसमोर. त्यानं गोल केला आणि त्याचा संघ जिंकला. १९५२ नंतर पहिल्यांदा कुणी ग्रँड फायनलमध्ये पदार्पण केलं होतं. त्या दुपारी मी घरी एकटीच होते आणि रडत होते. कुठल्यातरी जुन्या वहीत कुणीतरी त्याच्याबद्दल चार बऱ्या ओळी लिहून ठेवल्या असतील, असं सारखं मनात येत होतं.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट, पॉइंट कुककडच्या आपल्या घरांतून आणखी एक विचारणा हल्ली होते: “ताई, आपल्या मुलांना यात काही आहे का?” आहे. पाच वर्षांपासूनच्या मुलांसाठी ऑसकिक, म्हणजे लहानग्यांची फुटीची शिकवणी, असतं, तिथं शनिवारी नुसतं घेऊन जा. आई किंवा वडील आशियात जन्मलेले असले तर मुलाला क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादमीतही जाता येतं. आणि वेस्ट कोस्टच्या २००६ च्या विजेत्या संघातला डॅनियल कर आठवा, त्याचे वडील कोलकात्यात जन्मलेले. एवढंच सांगते, की मुलाच्या किती किक झाल्या ते गाडीत मोजू नका. आज कुणाला मदत केलीस, असं विचारा. त्याला काय बघायचं ते तुमच्या प्रश्नावरून कळतं.

काका, पुढच्या जुलैत मेट्रोचा सामना आयकॉन पार्कला लागला तर माझ्याबरोबर चला. फ्लिंडर्स स्ट्रीटवरून १९ नंबरची ट्राम, रॉयल परेडवर उतरायचं. स्वेटरवर जाकीट घाला, तिथं वारा हाडात शिरतो. आल्याचा चहा मी आणते. पहिल्या क्वार्टरला एक नंबर निवडा, कुठलाही, आणि बॉल कुठेही गेला तरी त्याच्यावरची नजर काढू नका. सायरन झाला की तुम्ही मला सांगायचं, त्यानं काय काय केलं.